‘हाताला कळतं’ म्हणे!

‘हाताला कळतं.’ मिरकरवाड्याला जा, हर्णैला जा, नाहीतर मुंबईत ससून डॉकला. ट्रॉलरच्या इंजिनरूममध्ये उतरा आणि मिस्त्रीला विचारा, “चाचा, हेडचे बोल्ट किती आवळायचे?” बहुतेक वेळा उत्तर हेच येतं. पुढे प्रश्न विचारायची सोय नसते. हात त्यांचा, कळतं त्यांना, तुम्ही कोण विचारणारे?

मला या वाक्याचा राग येतो. मिस्त्रीचा येत नाही. तो बिचारा ऐन पावसाळ्यात, डिझेलच्या वासात, मान मोडून काम करतो आणि त्याच्याकडे दुसरं हत्यार कुणी दिलेलंच नसतं. राग येतो तो या वाक्याची आरती ओवाळणाऱ्यांचा. लांब पाइप पान्यात घालून, दोन माणसं लोंबकळून बोल्ट आवळतात, ती रील तुम्हीही पाहिली असेल. खाली कमेंटींचा पाऊस: ‘इंजिनिअर काय सांगणार यांना’, ‘डिग्री नाही पण ज्ञान आहे’, ‘देसी जुगाड’. आणि आमचे लेखक मंडळी तर एक पाऊल पुढे. त्यांना कष्टकऱ्याच्या हातात परंपरा दिसते, मातीचं शहाणपण दिसतं. त्या हाताने आवळलेल्या बोल्टाच्या भरवशावर किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैल आत रात्र काढायची वेळ त्यांच्यावर येत नाही, म्हणून हे सगळं सुंदर दिसतं.

आधी बोल्ट म्हणजे काय ते बघू. बोल्ट ही स्प्रिंग असते. आवळल्यावर तो किंचित लांबतो आणि परत आखूड व्हायच्या ओढीने दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. पकड त्या ओढीची असते. कमी ताणला तर इंजिनाच्या थरथरीने सैल पडतो. जास्त ताणला तर त्याची लवचीक हद्द संपते, तो कायमचा लांबतो, आणि मग वरून कितीही घट्ट वाटला तरी आतल्या पकडीचा भरवसा उरत नाही. पुढे एक दिवस तुटतो, किंवा समोरच्या भागातले आटे घेऊन बाहेर येतो. म्हणजे ‘अजून थोडा आवळ, घट्टच बरा’ हा सल्ला घराच्या नळाच्या जोडालाही फारसा लागू पडत नाही. इंजिनाला तर नाहीच.

आता हाताला काय कळतं? हाताला जोर कळतो. बोल्टाला लागतो तो पीळ, म्हणजे टॉर्क: जोर गुणिले अंतर. हिशोब सोपा आहे. तुम्ही पान्याच्या टोकाला तीस किलोचा जोर लावला. पाना वीस सेंटिमीटरचा असेल तर बोल्टावर साधारण ५९ न्यूटन-मीटर पीळ येतो. तोच जोर पंचेचाळीस सेंटिमीटरच्या दांडीवर लावला तर १३२. मीटरभर पाइप घातला तर २९४. हाताला तिन्ही वेळा सारखंच वाटलं! ८.८ असा शिक्का असलेल्या एम-८ बोल्टाला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात, एम-१२ ला ८५ च्या आसपास. पाइपवाल्या रीलमध्ये काय चाललं होतं ते आता तुम्हीच ठरवा.

मुरलेला मिस्त्री पान्याची लांबी बघून हात आवरतो, हे खरं आहे. रोजच्या पान्याने, रोजच्या इंजिनावर, उभं राहायला नीट जागा असताना त्याचा अंदाज बरा निघतो. पण बोटीची इंजिनरूम म्हणजे गॅरेज नव्हे. एका बोल्टाला उभं राहून हात पोचतो, दुसऱ्याला पोटावर झोपून, तिसऱ्याला डाव्या हाताने, न बघता. सकाळी साडेनऊला आवळलेला पहिला बोल्ट आणि दुपारी तीनला, उपाशीपोटी, घामाने हात घसरत असताना आवळलेला चोविसावा बोल्ट सारखा असेल, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? आणि हेडला सारखेपणाच तर हवा असतो. मधल्या बोल्टांपासून सुरू करून बाहेरच्या बाजूला जायचं, एका दमात पूर्ण आवळायचं नाही, टप्प्याटप्प्याने चढवत न्यायचं. समजा पहिल्या फेरीत ४०, दुसरीत ८०, शेवटी कंपनीने सांगितलेला आकडा. एक बाजू जास्त दाबली गेली तर गॅस्केट दुसऱ्या बाजूने फुंकतं. पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, किंवा तेलात मिसळतं, इंजिन तापतं आणि बंद पडतं. हे बंदरात होत नाही. बंदरात इंजिनावर भार नसतो. ते जाळं ओढताना होतं.

गॅस्केट तरी बरं म्हणायचं. शाफ्टचं कपलिंग घ्या. गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट यांना जोडणारे ते चार-सहा बोल्ट. ते सैल राहिले की आधी थरथर, मग भोकं रुंदावतात, मग एकेक बोल्ट कापला जातो. तांडेलाने रिव्हर्स टाकला की पंखा शाफ्टला मागे, बोटीच्या बाहेर ओढतो. कपलिंग सुटलेलं असेल तर शाफ्ट मागे सरकतो. नशीब चांगलं असेल तर पंखा सुकाणूला अडतो. नसेल तर जिथून शाफ्ट जात होता तिथून समुद्र आत येतो. हा सगळा प्रकार पाच-सहा बोल्टांचा आणि दहा मिनिटांच्या कामाचा आहे.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून घेतल्या जातात आणि इंजिनाचं मोठं काम याच दोन महिन्यांत होतं. खरं तर जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत होतं, कारण जूनमध्ये पैसे नसतात आणि मिस्त्री दुसऱ्या बोटीवर असतो. मग १ ऑगस्टला बाहेर पडायचं म्हणून रात्री बॅटरीच्या उजेडात हेड बसतं. घाई, थकवा, अंधार. अंदाजावर काम सोडायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

आता या वादातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ‘हाताला कळतं’ हे वाक्य कोणाच्या हाताबद्दल आहे? मिस्त्रीच्या. खलाशाच्या हाताला कळत नाही, असं गृहीतच आहे. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळहून आलेली पोरं काम करतात. वीस-बावीस वर्षांची. बोट बंद पडली की तीच पोरं आत अडकतात. मिस्त्री त्या वेळी घरी असतो. बोल्ट नीट आवळला गेला का, हे विचारायचा सगळ्यात जास्त हक्क ज्याला आहे त्यालाच ते तपासायचं साधन नाही. मिस्त्रीचं ज्ञान त्याच्या दंडात आहे, ते दाखवता येत नाही, लिहून ठेवता येत नाही, त्यावर हरकत घेता येत नाही. आकड्यावर घेता येते. “चाचा, पुस्तकात ११० लिहिलंय, रेंच ९० वर लावलाय,” हे वाक्य बावीस वर्षांचं पोरगंही बोलू शकतं. इंजिनड्रायव्हर बोलू शकतो. टॉर्क रेंच हे मला म्हणूनच आवडतं हत्यार आहे: ते अधिकार एका माणसाच्या दंडातून काढून पट्टीवर आणतं, आणि पट्टी कुणालाही वाचता येते. मिस्त्रीचं यात काही जात नाही. उलट इंजिन बसलं की ‘तूच कमी आवळलास’ हे बालंट त्याच्यावर येतं, तेव्हा दाखवायला त्याच्याकडे काहीतरी असतं.

यावर काही जाणकार एक खरा मुद्दा काढतात, तो झटकून चालणार नाही. ते म्हणतात, टॉर्क रेंच तरी काय मोजतो? पीळ मोजतो, ताण नाही. बरोबर आहे. लावलेल्या पिळाचा ढोबळ मानाने नव्वद टक्के भाग घर्षणात जातो, निम्मा बोल्टाच्या डोक्याखाली आणि चाळीस टक्के आट्यांत. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. म्हणजे घर्षण थोडं बदललं की ताण खूप बदलतो. गंजक्या, मिठाने खरखरीत झालेल्या आट्यांवर रेंच ११० ला ‘कट्’ वाजतो आणि बोल्ट ताणला गेलेलाच नसतो. तोच बोल्ट ग्रीसमध्ये बुडवून लावला तर ११० ला तो हद्दीपार ताणला जाऊ शकतो. रेंच अचूक असूनही प्रत्यक्ष ताणात पंचवीस-तीस टक्क्यांचा फरक पडू शकतो, हे इंजिनिअरिंगची पुस्तकंच सांगतात.

मग? यावरून निष्कर्ष काय काढायचा? तराजूवर बर्फासकट मासळी ठेवली तर वजन चुकतं, म्हणून तराजूच फेकून द्यायचा का? बर्फ झटकायचा. आटे ब्रशने साफ करायचे, भोकातलं पाणी आणि तेल काढायचं (भोकाच्या तळाशी तेल साचलं असेल तर बोल्ट त्याच्यावरच टेकतो), पुस्तकात कोरडे सांगितले असतील तर कोरडे, तेल लावून सांगितले असतील तर तेवढंच तेल. आणि मिस्त्रीचा हात कामाला येतो तो इथे. आटा फिरवताना अडकतोय, करकरतोय, हे त्याला कळतं, आणि तिथे मी त्याचं शंभर टक्के ऐकेन.

काही जागी तर टॉर्क रेंच लावणं हा निव्वळ मूर्खपणा आहे. शाफ्टच्या ग्लँडचे नट आकड्याने आवळत नाहीत. पाणी थेंब थेंब ठिबकत राहील एवढेच आवळतात, कारण तेच पाणी पॅकिंगला थंड ठेवतं. तिथे डोळा आणि बोट. लाकडी बोटीत पायाच्या ओंडक्यात बसवलेल्या बोल्टांनाही पुस्तकी आकडा लागू नाही, कारण लाकूड दबतं, फुगतं, सुकतं. तिथे मोठा वॉशर आणि अधूनमधून पाना फिरवून बघणं. आकड्याची बाजू घेणाऱ्याने आकडा कुठे संपतो हे आधी सांगावं, नाहीतर तोही दुसऱ्या बाजूचा भगतच.

स्टेनलेसबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण बंदरावर ती नवी श्रद्धा आहे. गंजत नाही म्हणून जिथेतिथे स्टेनलेसचे बोल्ट घालतात. ए४-७० या दर्जाच्या स्टेनलेसची ताण सोसायची हद्द ४५० मेगापास्कल, ८.८ च्या पोलादी बोल्टाची ६४०. चमकणारा बोल्ट कमजोर आहे! पोलादी बोल्टाचा आकडा त्याला लावला तर तो लांबतो. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं फिरवलं तर आटे एकमेकांत जाम बसतात आणि मग छिन्नीशिवाय सुटका नाही. रेलिंगला, झाकणांना लावा, खुशाल. हेडला आणि कपलिंगला नाही.

आता कुठला घ्यायचा. इथे मला दुसऱ्या टोळीशी भांडायचं आहे: मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ बघून डिजिटल रेंच मागवणाऱ्यांशी. आकडे चमकतात, लाल दिवा लागतो, सगळं छान. बोटीवर तो किती टिकणार? खारी हवा बॅटरीच्या पत्र्यांना खाते. ऐन वेळी स्क्रीन काळी. मी बोटीसाठी डिजिटल कधीच सुचवणार नाही, फुकट मिळाला तर किनाऱ्यावरच्या कपाटात ठेवावा.

उरले दोन. एक दांडी-काट्याचा: दांडी वाकते, काटा जागेवर राहतो, पट्टीवर आकडा दिसतो. आत स्प्रिंग नाही, बिघडण्यासारखं जवळपास काही नाही, पडला आणि काटा वाकला तर शून्यावर परत वाकवून आणता येतो. हे हत्यार जन्मालाच चिखलात आलं. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनरॅड बार यांनी १९१८ च्या सुमारास जमिनीखालच्या नळांचे बोल्ट जास्त आवळले जाऊ नयेत म्हणून टॉर्क रेंचवर काम सुरू केलं, असा त्यांचा दावा होता. म्हणजे ‘हे काय प्रयोगशाळेतलं खूळ’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, याची गरज पडली ती खड्ड्यात उतरून काम करणाऱ्यांना. पण दांडी-काट्याचा तोटाही मोठा आहे. आकडा सरळ समोरून वाचावा लागतो, आणि पोटावर झोपून इंजिनाच्या मागे हात घातल्यावर पट्टी दिसत नाही.

दुसरा ‘कट्’ वाजणारा. मूठ फिरवून आकडा लावायचा, पीळ तिथे पोचला की आतला खटका सुटतो. अंधारात, न बघता चालतो. जवळ जनरेटर धडधडत असेल तर आवाज ऐकू येत नाही, पण झटका मुठीत जाणवतो. म्हणजे हाताला शेवटी कळतंच, फक्त योग्य वेळी! बोटीवर कामाला हाच घ्यावा, अर्धा इंच चौकोनाचा, साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा. हेड, कपलिंग, इंजिनाचे लोखंडी पाये, बहुतेक सगळं यात येतं. ‘मोठाच घेऊ, सगळ्याला चालेल’ म्हणून पाचशेचा घेणारे मी पाहिले आहेत. पट्टीच्या तळाशी, साधारण पहिल्या पाचव्या भागात, या रेंचचा भरवसा धरत नाहीत. पाचशेचा रेंच ५० वर लावणं म्हणजे मासळीच्या काट्यावर सोनं तोलणं. लहान बोल्टांसाठी वेगळा छोटा रेंच हवा, आणि पैसे नसतील तर तो नंतर घ्या, पण मोठ्याने लहानाचं काम करू नका. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे दहा न्यूटन-मीटरच्या वरच्या अशा रेंचना अधिक-उणे चार टक्के चूक चालते. सोबत तसा दाखला असेल तोच घ्या. नाव परदेशी आहे की देशी, याने फार फरक पडत नाही.

पट्टीवर न्यूटन-मीटर आहेत ना, हे मात्र दुकानातच बघा. जुन्या इंजिनांच्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर असतात, नव्यांत न्यूटन-मीटर, आणि स्वस्त रेंचवर फूट-पाउंड ठळक आणि दुसरे आकडे बारीक. अकरा किलोग्रॅम-मीटर म्हणजे १०८ न्यूटन-मीटर म्हणजे ८० फूट-पाउंड. कुणी १०८ हा आकडा फूट-पाउंडाच्या पट्टीवर लावला तर बोल्टाला १४६ न्यूटन-मीटर मिळतात. हे आकडे रंगाने इंजिनरूमच्या भिंतीवर लिहून ठेवावेत, मराठीत आणि हिंदीत. पुस्तक इंग्रजीत असतं आणि मालकाच्या घरी असतं.

रेंचने बोल्ट सोडवायचे नाहीत, त्याला पाइप लावायचा नाही. एकदा कट् वाजलं की थांबायचं. खात्रीसाठी दोनदा-तीनदा वाजवणारे दरवेळी थोडं जास्त आवळतात. अडचणीच्या जागी पुढे जोडतुकडा लावला तर लांबी वाढते आणि हिशोब बदलतो: चाळीस सेंटिमीटरच्या रेंचला सरळ रेषेत पाच सेंटिमीटरचा तुकडा लावून १२० हवे असतील तर रेंच १०७ वर लावायचा. तुकडा काटकोनात लावला तर आकडा बदलावा लागत नाही. काम झालं की मूठ पट्टीच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून, तेलाचं फडकं फिरवून, डब्यात. ताणलेली स्प्रिंग ठेवून दिली की ती थकते.

तपासणी हा शेवटचा बहाणा. मानक म्हणतं, बारा महिने किंवा पाच हजार वेळा वापर, यातलं जे आधी होईल तेव्हा तपासून घ्या. प्रयोगशाळा पुण्या-मुंबईला, कोण पाठवणार? पाठवायलाच हवा, दोन-चार मालकांनी मिळून जूनमध्ये पाठवला तर खर्च वाटला जातो. पण मधल्या काळात ढोबळ तपासणी बंदरावरच होते. रेंचचा चौकोन शेगड्यात पकडा, दांडी आडवी ठेवा, चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. पंचेचाळीस सेंटिमीटर असेल तर मुठीच्या मध्यावर वीस किलोचं वजन हळूच टांगा. ८८ न्यूटन-मीटर वजनाचे, दोन-तीन रेंचच्या स्वतःच्या भाराचे. रेंच ८५ वर लावलेला असेल तर कट् वाजायला हवं, ९७ वर असेल तर वाजता कामा नये. उलटं झालं तर रेंच बिघडलाय.

आणि ते वीस किलोचं खात्रीचं वजन कुठे मिळेल? लिलावाच्या कट्ट्यावर. मासळी तोलायच्या वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. तो नसेल तर व्यापाऱ्याला दंड होतो, आणि तोलात अर्धा किलो मारला तर जेट्टीवर मारामारी होते. किलोभर सुरमईचं वजन अंदाजाने मान्य न करणारा बोटमालक आठ माणसांचा जीव ज्या बोल्टांवर आहे ते अंदाजाने आवळून घेतो.

पैशाचं म्हणाल तर एका फेरीच्या डिझेल-बर्फापुढे रेंचची किंमत ऐकण्यासारखीही नाही. एक हेड गॅस्केट फुंकलं तर गॅस्केट, मजुरी, ओढून आणणाऱ्या बोटीचं भाडं आणि बुडालेली फेरी एवढ्यात चार रेंच येतील. सरकारही कमी नाही. २०२४ मध्ये पालघरला देशभरच्या एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायच्या योजनेचा शुभारंभ झाला. चांगलंच आहे, बोट कुठे बंद पडली ते आता किनाऱ्यावर कळेल. ती बंद पडू नये म्हणून हत्यारपेटीत काय असावं, याची यादी मच्छीमार संस्थांनी करावी, सोसायटीच्या पैशातून प्रत्येक बंदरावर दोन रेंच आणि एक शेगडा ठेवावा, आणि जुलैमध्ये ज्याला हवा त्याने वहीत सही करून न्यावा. वहीत अजून एक रकाना असावा: कुठले बोल्ट, कुठल्या आकड्याला, कोणी आवळले. सही मिस्त्रीची, आणि शेजारी त्या बोटीवर जाणाऱ्या एका खलाशाची.